कारखान्यातला पर्चेस बायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादन करणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं काम केलं. या कामात नव्याने येणारे, किंवा स्टोअर, प्लॅनिंग, क्वालिटी अशा विभागांतून इकडे वळू पाहणारे लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं माझ्या अनुभवातून दिली आहेत. जिथे माझं ठाम मत आहे, तिथे ते तसंच लिहिलं आहे.

पर्चेस बायर नेमकं काय करतो?

उत्पादनाच्या लाइनवरचा माणूस भाग घ्यायला हात पुढे करतो तेव्हा तो भाग तिथे असला पाहिजे, बरोबर असला पाहिजे आणि ठरलेल्या पैशांत आलेला असला पाहिजे. या तिन्हींची जबाबदारी बायरची. बिल ऑफ मटेरियलमधला (एका उत्पादनाला लागणाऱ्या सगळ्या मालाच्या यादीतला) कच्चा माल, कास्टिंग (साच्यात ओतलेले भाग), फोर्जिंग (दाबून-ठोकून घडवलेले भाग), विकत घ्यायचे सुटे भाग, बाहेरून करून घ्यायचं प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट, पॅकिंगचं सामान, मशिनचे स्पेअर हे सगळं त्याच्याकडून जातं. मागणी आली की चौकशी पाठवायची, कोटेशन तपासायची, बोलणी करायची, पर्चेस ऑर्डर काढायची, माल येईपर्यंत पाठपुरावा करायचा. माल गेटवर आला की काम संपलं असं नव्या लोकांना वाटतं. तपासणी होऊन, आवक नोंदली जाऊन, बिल पास होईपर्यंत ती ऑर्डर तुमच्या नावावर असते.

दिवस कसा जातो?

सकाळचा पहिला तास शॉर्टेज लिस्टवर. आज, उद्या आणि या आठवड्यात कशावाचून लाइन अडेल ते पाहायचं आणि त्या पुरवठादारांना फोन लावायचे. उरलेला दिवस कोटेशन, ऑर्डरी, क्वालिटीने अडवलेला माल, अकाउंट्सने अडवलेली बिलं आणि मीटिंगा यांत जातो. आठवड्यातून निदान एकदा पुरवठादाराच्या शॉपवर जायला मिळालं तर सोडू नका. तिथे मशिनसमोर १० मिनिटं उभं राहिल्यावर जे कळतं, ते २० ईमेल लिहून कळत नाही. तुमचा माल खरोखर मशिनवर चढला आहे, की कच्चा माल अजून कोपऱ्यात पडून आहे, हे डोळ्यांना दिसतं.

भाव पाडून आणणं हेच मुख्य काम ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं लांब उत्तर देतो.

भावाला महत्त्व आहे, आणि ते का आहे हे आकड्यांत पाहा. समजा कंपनीची विक्री १००, त्यातली खरेदी ६० आणि नफा ५. खरेदीत ५ टक्के वाचवले की ३ वाचतात आणि नफा ५ वरून ८ होतो. तेवढाच नफा विक्री वाढवून मिळवायचा आणि नफ्याचं प्रमाण तेच राहिलं असं धरायचं, तर विक्री १६० व्हायला हवी. म्हणून व्यवस्थापनाचं लक्ष बायरकडे असतं.

पण कोटेशनवरचा भाव आणि तो भाग कंपनीला प्रत्यक्षात पडतो ती किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पुरवठादार १०० ला पोहोच देतो, १० दिवसांत. दुसरा ९४ म्हणतो, पण वाहतुकीचे ३ वेगळे आणि माल ६० दिवसांनी येणार. झाले ९७. त्या जास्तीच्या ५० दिवसांसाठी साठा धरून ठेवावा लागतो. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर त्याचे साधारण १.६. त्यात दुसऱ्याच्या मालात रिजेक्शन जास्त असेल आणि निवडून घेण्याचा खर्च नगामागे २ येत असेल, तर आकडा १००.६ वर जातो. म्हणजे स्वस्त वाटलेला माल महाग पडला. आणि यात लाइन थांबली तर होणारं नुकसान धरलेलंच नाही.

ही बेरीज कागदावर मांडून वरिष्ठांसमोर ठेवा. तोंडी सांगितलं तर “तुम्हाला जुना पुरवठादार सोडवत नाही” असं ऐकावं लागतं.

इंजिनिअरिंगची पदवी लागते का?

मदत होते, पण ती नसल्यामुळे कोणी अडलेला मी पाहिला नाही. ड्रॉइंग वाचता येणं मात्र हवंच. टॉलरन्स (मापात चालणारा कमीजास्त फरक) कुठे घट्ट आहे, पृष्ठभागाचा दर्जा काय मागितला आहे, मटेरियलचा ग्रेड कोणता, ही तीन उत्तरं ड्रॉइंगवरून काढता आली पाहिजेत, कारण भाव तिथेच ठरतो. नसेल येत तर क्वालिटीतल्या एखाद्या अनुभवी माणसाशेजारी महिनाभर रोज अर्धा तास बसा. वाणिज्य शाखेतून आलेले उत्तम बायर मी पाहिले आहेत. हिशेब, करार आणि पत्रव्यवहार त्यांचा आधीच पक्का असतो.

चौकशी पाठवताना काय चुकतं?

बहुतेक वेळा ड्रॉइंगची आवृत्ती. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका ब्रॅकेटची ऑर्डर जुन्या रिव्हिजनवर काढली. नव्यात एक भोक ३ मिलिमीटरने सरकलेलं होतं. पुरवठादाराने ऑर्डरीप्रमाणे चोख माल दिला आणि पूर्ण लॉट आमच्या जुळणीत बसेना. चूक माझी होती, त्यामुळे त्याचं बिल पूर्ण द्यावं लागलं आणि ते योग्यच होतं. तेव्हापासून ऑर्डरीवर भाग क्रमांकासोबत रिव्हिजन लिहिल्याशिवाय मी सही केली नाही.

चौकशीत वर्षाची अंदाजे मागणी, एका वेळची संख्या, मटेरियलचा ग्रेड, लागणारे दाखले, पॅकिंग, पोहोचवण्याचं ठिकाण आणि पैसे देण्याच्या अटी लिहा. सगळ्यांना एकच कागद गेला तरच आलेली कोटेशन शेजारी ठेवून तुलना करता येतात. एकाने साच्याचा खर्च भावात मिसळला आणि दुसऱ्याने वेगळा दाखवला, तर तुलना करताना तुम्ही फसता.

दाखल्यांच्या बाबतीत नेमकं मागा. नुसतं “टेस्ट सर्टिफिकेट द्यावं” लिहिलं तर काहीही येतं. धातूच्या मालासाठी ईएन १०२०४ या मानकातला २.२ दाखला हा उत्पादकाच्या नेहमीच्या चाचण्यांवर आधारलेला असतो. ३.१ दाखल्यात मात्र तुम्हाला आलेल्या मालाच्याच चाचणीचे निकाल असतात, आणि त्यावर सही करणारा माणूस उत्पादन विभागाच्या अधिकाराबाहेरचा असतो. हा फरक माहीत नसलेल्या बायरला २.२ देऊन वाटेला लावणं फार सोपं असतं.

वाटाघाटी मला जमत नाहीत. आवाज चढवून बोलावं लागतं का?

मुळीच नाही. मी पाहिलेले सगळ्यात चांगले बायर हळू बोलायचे, पण तयारी करून यायचे. “१० टक्के कमी करा” ही वाटाघाट नाही, कारण समोरचा पुढच्या वेळी १० टक्के वाढवूनच भाव देतो.

भागाच्या किमतीची फोड करा. कच्च्या मालाचं वजन आणि त्याचा दर, त्यातून निघणारा भंगार आणि त्याची परत मिळणारी किंमत, मशिनवरचा वेळ आणि तासाचा दर, बाहेरची प्रक्रिया, पॅकिंग, वाहतूक, वरखर्च, नफा. एकदा फोड समोर आली की बोलणं माणसावरून कामावर येतं. ४ मिनिटांच्या ऑपरेशनला ७ मिनिटं का लावली आहेत? बार थोड्या कमी व्यासाचा घेतला तर कापून टाकावं लागणारं मटेरियल किती वाचेल? ही टॉलरन्स आमच्या डिझाइनरला खरंच हवी आहे का? मोठी बचत मला शेवटच्या प्रश्नातून मिळाली आहे. त्यात पुरवठादाराचा नफा एका पैशानेही कमी होत नाही.

पोलाद, तांबं, अॅल्युमिनियम यांच्या दरात चढउतार असतात. अशा मालासाठी दर कोणत्या प्रसिद्ध निर्देशांकाला बांधायचा आणि किती महिन्यांनी बदलायचा हे करारातच लिहा. नाहीतर दर वाढला की पुरवठादार पत्र पाठवतो, उतरला की गप्प राहतो, आणि उतरलेला दर मागायला बायर विसरतो.

एका वेळी किती मागवायचं?

यासाठी १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी मांडलेलं सूत्र अजून वापरतात. वर्षाची मागणी आणि एका ऑर्डरीचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, एक नग वर्षभर साठवण्याच्या खर्चाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. वर्षाला १२,००० नग, ऑर्डरीचा खर्च ३००, साठवणीचा खर्च नगामागे २० असेल तर उत्तर ६०० येतं, म्हणजे वर्षात २० ऑर्डरी.

आता यातली कामाची गोष्ट. पुरवठादार म्हणाला की ८०० पेक्षा कमी देणार नाही, तर किती बिघडलं? ६०० ला दोन्ही खर्चांची बेरीज १२,००० होते, ८०० ला १२,५००. फक्त ५०० चा फरक. एवढ्यासाठी चांगल्या पुरवठादाराशी हुज्जत घालू नये. पण किमान संख्या ३,००० असेल आणि डिझाइन सहा महिन्यांत बदलणार असेल, तर तो माल डेड स्टॉक (न वापरता पडून राहणारा साठा) होऊन तुमच्याच नावाने स्टोअरमध्ये बसेल.

मग ऑर्डर कधी काढायची?

त्याच उदाहरणात वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर रोज ४८ नग लागतात. माल यायला कामाचे १५ दिवस लागत असतील तर ७२० नग त्या काळातच संपतील. वर सुरक्षेचा साठा २०० धरला, तर शिल्लक ९२० वर आली की ऑर्डर जायला हवी.

सुरक्षेचा साठा किती ठेवायचा, हे माल यायला सरासरी किती दिवस लागतात यापेक्षा ते दिवस किती वरखाली होतात यावर ठरतं. कायम २० व्या दिवशी माल देणारा पुरवठादार मला परवडतो. सरासरी १२ दिवसांची सांगायची आणि कधी ६ व्या, कधी २५ व्या दिवशी द्यायचा, हे परवडत नाही. म्हणून दर ऑर्डरीची कबूल तारीख आणि प्रत्यक्ष तारीख नोंदवून ठेवा. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या तारखा तर जास्तच वरखाली होतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस तो मार्ग बंद राहिला. मागची जहाजं मोकळी होऊन बंदरांत पोहोचेपर्यंत त्याहून कितीतरी जास्त दिवस गेले.

एका भागासाठी एकच पुरवठादार ठेवावा की दोन?

सगळ्या भागांना एक नियम लागत नाही. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते: तो भाग नफ्यावर किती परिणाम करतो, आणि तो मिळण्यात किती धोका आहे, हे दोन प्रश्न विचारा. सहज मिळणारा आणि मोठ्या रकमेचा माल असेल तर दोन-तीन पुरवठादारांत स्पर्धा लावा. मिळायला अवघड आणि महत्त्वाचा असेल तर एकाशीच दीर्घ संबंध ठेवा, पण पर्याय शोधत राहा. नव्या बायरला फसवतो तो तिसरा प्रकार: किमतीने किरकोळ पण दुसरीकडे न मिळणारा. एखादं सील, एखादा सेन्सर. त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि एक दिवस तोच लाइन थांबवतो.

फेब्रुवारी १९९७ मध्ये जपानमधल्या कारिया इथे ऐसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथूनच यायचा आणि साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक जुळणी कारखाने काही दिवस बंद पडले. मात्र इतर पुरवठादारांनी आपापल्या मशिनवर ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि साधारण आठवडाभरात गाडी रुळावर आली. एकाच जागेवर अवलंबून राहण्याचा धोका यात दिसतो, आणि वर्षानुवर्षं नीट वागवलेले पुरवठादार अडचणीला कसे धावून येतात हेही दिसतं. मी दोन्ही लक्षात ठेवतो.

दोन पुरवठादार ठेवलेत तर दोघेही एकाच फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) कास्टिंग घेत नाहीत ना, ते विचारा. आणि साचा किंवा डाय तुमच्या पैशांनी बनला असेल तर तो कंपनीच्या मालकीचा आहे हे लेखी घ्या, त्यावर क्रमांक कोरून घ्या. पुरवठादार बदलायची वेळ येते तेव्हा हाच कागद कामाला येतो.

पुरवठादार “दोन दिवसांत देतो” म्हणतो आणि देत नाही. काय करावं?

“कधी देताय?” असं विचारणं बंद करा. मटेरियल आलं का, कोणत्या ऑपरेशनला आहे, किती नग झाले, प्लेटिंगला कधी जाणार, गाडी कोणती, असे प्रश्न विचारा. जिथे उत्तर अडखळतं तिथे माल अडकलेला असतो. मग फोटो मागवा किंवा सरळ जा.

मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटी आग लागली. आग काही मिनिटांत विझली आणि सुमारे आठवड्याचाच उशीर होईल असं ग्राहकांना कळवलं गेलं. नोकिया आणि एरिक्सन दोघेही ग्राहक. नोकियाच्या खरेदीच्या लोकांनी त्या भागांवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, नुकसान मोठं आहे हे लवकर ओळखलं आणि दुसरीकडची क्षमता बांधून घेतली. एरिक्सनने दिलेल्या शब्दावर भिस्त ठेवली आणि नंतर हालचाल करायला उशीर झाला. मोबाइलच्या धंद्यात त्यांना याचा मोठा फटका बसला.

उशीर होणार हे कळताच प्लॅनिंगला सांगा. आज सांगितलं तर ते दुसरं मॉडेल लाइनवर घेऊ शकतात. शेवटच्या दिवशी सांगितलं तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही. वाईट बातमी लवकर देणाऱ्या पुरवठादारावर कधी ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवेल.

एफओबी, सीआयएफ वगैरे पाठ करावं लागतं का?

पाठ नको, समजून घ्या. या आयात-निर्यातीच्या करारात लिहायच्या अटी आहेत, त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने हे नियम पहिल्यांदा १९३६ मध्ये आणले. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तिच्यात ११ अटी आहेत. खर्च कोणी करायचा आणि मालाची जोखीम कोणत्या क्षणी तुमच्यावर येते, हे त्या ठरवतात. मालकी कधी बदलते हे मात्र ठरवत नाहीत, ते करारात वेगळं लिहावं लागतं.

सर्वांत मोठा गैरसमज सीआयएफबद्दल. विकणारा तुमच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, म्हणून जोखीमही तोपर्यंत त्याची, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम तुमची. आणि कंटेनरमधल्या मालाला एफओबीपेक्षा (माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची) एफसीए (माल वाहतूकदाराकडे सोपवेपर्यंतच त्याची) ही अट जास्त बरोबर बसते, कारण कंटेनर जहाजावर चढण्याआधीच टर्मिनलवर सोपवलेला असतो.

माल रिजेक्ट झाला. क्वालिटी नको म्हणते, उत्पादन मागतंय. मी कोणाचं ऐकू?

क्वालिटीचं. डेव्हिएशनवर, म्हणजे ड्रॉइंगपेक्षा फरक असूनही खास परवानगीने, माल घ्यायचा असेल तर त्यावर डिझाइनची आणि क्वालिटीची सही हवी, संख्या आणि मुदत ठरलेली हवी. बायरने तोंडी “चालवून घ्या” म्हणणं हा आपला अधिकारच नाही. पुरवठादाराला लेखी तक्रार, फोटो आणि मोजमापं त्याच दिवशी पाठवा, बदली माल कधी येणार ते ठरवा आणि मूळ कारण शोधून मागा. कारणाच्या जागी “ऑपरेटरची चूक” लिहून आलं तर तो कागद परत पाठवा.

बिलं का अडकतात?

ऑर्डर, आवक नोंद आणि बिल हे तिन्ही जुळत नाहीत म्हणून. बहुतेक वेळा दर बदललेला असतो आणि ऑर्डरीत दुरुस्ती केलेली नसते. ती पाच मिनिटांची दुरुस्ती टाळली की लहान पुरवठादाराचे पैसे महिनोन्महिने अडकतात, आणि त्याला त्याच्या कामगारांचे पगार द्यायचे असतात. मला ही गोष्ट फार लागते. वेळेवर पैसे देणाऱ्या बायरचा फोन टंचाईच्या दिवसांत आधी उचलला जातो, हा त्याचा व्यवहारी फायदा.

लवकर पैसे दिल्यास सूट मिळत असेल तर हिशेब करा. ३० दिवसांची मुदत असताना १० दिवसांत दिल्यास २ टक्के सूट, म्हणजे २० दिवस आधी ९८ देऊन २ मिळवणं. वर्षाच्या हिशेबाने हा साधारण ३७ टक्के परतावा आहे. अकाउंट्सला हे दाखवलं की ते सहसा नाही म्हणत नाहीत.

पुरवठादाराने दिलेली भेट घ्यावी का?

नाही. कंपनीच्या नियमात लहान रकमेची सूट असली तरी मी घेत नाही. भेट घेतली की पुढच्या वेळी रिजेक्शनचा मेल लिहिताना हात थबकतो, आणि ते तुमचं तुम्हालाच जाणवतं. घरी परस्पर पोहोचलीच तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा आणि परत करा. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवणं हाही तितकाच मोठा गुन्हा मानतो मी. आणि ऑर्डर काढणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा ही तीन वेगळी माणसं असावीत. तुमच्या लहान कंपनीत तशी सोय नसेल तर तुम्हीच ती मागा. त्यात तुमचंही संरक्षण आहे.

ईआरपी आणि एआय आल्यावर बायरची गरज उरेल का?

ऑर्डर टाइप करणं, स्मरणपत्रं पाठवणं, कोटेशन तक्त्यात भरणं ही कामं जातील, गेलीही आहेत. पण ईआरपी म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदणारी संगणकाची सिस्टिम. तिच्यात लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) चुकीचा भरलेला असेल तर ती चुकीचीच मागणी काढते, आणि तो बरोबर आहे का हे पुरवठादाराला ओळखणाऱ्यालाच कळतं. नव्या जागी रुजू झालात की पहिल्या महिन्यात आपल्या भागांचे लीड टाइम आणि किमान संख्या तपासून दुरुस्त करा.

पुढे जायला काय शिकावं?

अमेरिकेतल्या आयएसएम या खरेदी क्षेत्रातल्या संस्थेची सीपीएसएम, ब्रिटनमधल्या सीआयपीएस या तशाच संस्थेची पात्रता आणि उत्पादन-नियोजनासाठी सीपीआयएम या परीक्षा अनेक देशांत ओळखल्या जातात. वाहन उद्योगात जायचं असेल तर पीपीएपीचे (पुरवठादाराचा भाग उत्पादनासाठी मंजूर करण्याच्या पद्धतीचे) १८ घटक माहीत करून घ्या. पण त्याआधी एक वस्तुगट पूर्ण आपला करा: कास्टिंग, प्लॅस्टिक, इलेक्ट्रॉनिक्स, कोणताही. तो माल कसा बनतो, खर्च कुठे होतो, कोणत्या टप्प्यावर बिघडतो, कोण चांगला बनवतो. दोन वर्षं लागतात. मुलाखतीत मी उमेदवाराला त्याने वाचवलेली रक्कम आधी विचारत नाही. त्याच्या आवडत्या भागाचं ड्रॉइंग काढायला सांगतो आणि तो कसा बनतो ते विचारतो.